पांढऱ्या झाकणाचा ड्रम

माझ्या नवऱ्याचं मन किती मोठं आहे, हे आमच्या नात्यातल्या प्रत्येकाने मला निदान एकदा तरी ऐकवलंय. नणंदेने तर मुद्दाम फोन करून ऐकवलं. दुसरा कोणी असता तर सासऱ्याला घराबाहेर काढलं असतं म्हणे. मी फोनवर हो ना, हो ना करत होते. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं, आणि आज आठवलं की त्याचीच सगळ्यात जास्त चीड येते.

आमच्या घरात एक खोली जास्तीची होती. माझी आई गेली, बाबा एकटे पडले, तेव्हा ठरलं की ती खोली त्यांची. मी पडदे आणले, भिंतीचा रंग ठरवला. आणि एका रविवारी आमचे दर्यासारंग हातात टेप घेऊन त्या खोलीत शिरले. दर्यासारंग म्हणजे माझा नवरा. खऱ्या समुद्रात हा गुडघ्याच्या वर कधी गेला नाही. पण कुणाच्या तरी घरी त्याने रीफ टँक पाहिली आणि जो काही झपाटला, की विचारू नका. घरात समुद्र आणायचा. नुसते मासे नव्हेत, तर कोरल, खडकावर वाढणारी जिवंत पोवळी. त्यासाठी टाकी पलंगाएवढी हवी, कारण मोठ्या पाण्याचं तंत्र लवकर बिघडत नाही. तेवढं वजन पेलायला खाली भक्कम तुळई हवी. आणि तुळईवरची भिंत आख्ख्या घरात एकच होती, बाबांच्या खोलीतली.

मी भांडले. चांगली भांडले. तो शांतपणे म्हणाला की बाबांना तेवढीच सोबत होईल. बाबांना सोबत नको, असं थोडंच म्हणता येतं?

टाकी आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली. टाकीखाली कपाट, कपाटात आणखी एक छोटी टाकी, तिच्यात पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढणारं यंत्र, पंप, हीटर, आणि नुसत्या वायरी. वर निळे दिवे. मग खडक आले, वाळू आली, खास मिठाची गोणी आली. पाणी भरलं आणि पुढे कितीतरी आठवडे त्या पाण्यात काहीच नव्हतं. टँक आधी पिकावी लागते म्हणे. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू तयार व्हायचे, मग कुठे पहिला मासा सोडायचा. नवरा ऑफिसातून आला की त्या रिकाम्या पाण्यासमोर खुर्ची टाकून बसायचा. शेजारच्या काकू एकदा डोकावल्या आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, यांची तब्येत बरी आहे ना?

बाबा त्याच सुमारास राहायला आले. बरोबर एक बॅग आणि शिलाई मशीन. बाबा शिंपी. दुकान बंद केलं तरी हात थांबले नव्हते, घरातलं उसवलेलं, फाटलेलं शोधून काढून शिवत बसायचे. माझ्या हातची शिवण त्यांना बघवायची नाही. मी बटण लावलं की लांबूनच म्हणायचे, "वाकडंय. उसव." लहानपणापासून ऐकत आलेय ते, आणि खरंच ते वाकडं असायचं.

मला वाटलं होतं, खोलीत ही अगडबंब टाकी बघून ते हिरमुसतील. कसलं काय, ते तिच्या प्रेमात पडले. खडकांवर कोरल बसायला लागली तसे सकाळी चहाचा कप घेऊन काचेला नाक लावून उभे राहायचे. त्यात एक जांभळं होतं, झुडपासारखं फांद्याफांद्यांचं. ते बघून बाबा म्हणाले की असं जांभळं कापड त्यांनी आयुष्यात एकदाच शिवलं, एका नाटकातल्या राणीचा झगा होता, आणि पुन्हा तसा रंग कुठल्या दुकानात मिळाला नाही. नवऱ्यालाही ऐकणारं कोणी हवंच होतं. मी तर कधीच हात टेकले होते. दोघं तासन्‌तास बोलत बसायचे. खरं सांगते, ते दिवस मला आवडायला लागले होते.

आता पाण्याचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, पण मीठ उडून जात नाही, ते आतच राहतं. म्हणून रोजची तूट भरायची ती गोड्या पाण्याने. खारं घालत गेलात तर मीठ चढत जातं आणि कोरल मरतात. खारं पाणी लागतं ते वेगळ्या कामाला, अधूनमधून टाकीतलं जुनं पाणी बदलायला. त्यामुळे आमच्या बाल्कनीत दोन मोठे ड्रम, अगदी जुळे. पांढऱ्या झाकणाखाली गोडं, निळ्या झाकणाखाली खारं. सगळ्या शास्त्रातलं मला समजलं ते इतकंच.

उन्हाळ्यात नवऱ्याला ऑफिसने लांबच्या दौऱ्यावर पाठवलं, महिनाभरासाठी. जाताना टाकी बाबांवर सोपवली. माशांना किती खायला घालायचं, दिवे कधी बंद करायचे, सगळं समजावलं, आणि दारात बूट घालताना पुन्हा बजावलं, पाणी पांढऱ्यातलं, निळ्याला हातसुद्धा लावायचा नाही. बाबांनी हे इतकं मनावर घेतलं की रोज सकाळी बाल्कनीत जाऊन मोठ्याने "पांढरं" म्हणायचे आणि मगच बादली बुडवायचे. मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मला हसू यायचं.

हळूहळू कोरल मिटायला लागली. आधी टोकं आक्रसली, मग रंग उतरले. बाबा अस्वस्थ. फोनवर नवऱ्याला सांगितलं तर तिकडून हुकूम आला की काच पुसा, दिव्यांवर धूळ बसली असेल. उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं. बाबांनी काच पुसली, दिवे पुसले. जांभळं पोवळं पांढरं पडत गेलं. नवरा परत येईपर्यंत टाकीत निम्म्याहून जास्त मेलं होतं, आणि खोलीत कुबट वास सुटला होता.

तो आला तो बॅग टाकून सरळ टाकीकडे गेला. मीठ बघायची एक छोटी दुर्बीण असते, तिच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकून ती डोळ्याला लावली आणि त्याचा चेहराच उतरला. मग एकटाच बाल्कनीत गेला. बराच वेळ तिथेच होता. मग आम्हाला हाक मारली.

दोन्ही ड्रम उघडे होते, झाकणं पुढ्यात टेकवून ठेवलेली. पांढऱ्या झाकणाचा ड्रम काठोकाठ भरलेला. निळ्या झाकणाचा तळापर्यंत रिकामा.

"बाबा, तुम्ही निळ्यातलं घातलंत," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. मुळीच नाही.

बाबांनी निळं झाकण उचललं, उजेडात धरलं, उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, "मी पांढऱ्यातलं घेत होतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मला तरी तसंच आठवतंय." तेवढ्यात माझ्या डोळ्यांदेखत ते म्हातारे झाले.

मी मध्ये पडले. म्हटलं, मी रोज ऐकायचे, ते पांढरं म्हणूनच पाणी घ्यायचे. नवरा म्हणाला की म्हणत असतील, पण हात कुठे जात होता ते कोणी पाहिलं? ते काही मी पाहिलं नव्हतं. आणि ड्रम तर समोरच होते. मग त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, जाऊ द्या बाबा, वयाचा भाग आहे, मी तुम्हाला काही म्हणतोय का? खरंच काही म्हणाला नाही. फक्त सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, आणि वर प्रत्येकाला बजावलं की बाबांपुढे विषय काढू नका, त्यांना वाईट वाटेल. तिथूनच त्या मोठ्या मनाची कीर्ती पसरली.

पांढरं आणि निळं कळत नाही असा शिंपी असतो का? बाबांनी स्वतःच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चल म्हणून माझ्यामागे लकडा लावला. मी घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, आजोबा, डोळे तर ठणठणीत आहेत. येताना रिक्षा घराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "डोळे ठीक आहेत म्हणे. म्हणजे डोकं."

त्यानंतर त्यांनी एकेक काम सोडलं. गॅस पेटवायचं सोडलं. दाराला कुलूप लावायचं सोडलं. माझ्या झग्याची उसवलेली बाही त्यांच्यापुढे ठेवली तर हळूच घडी करून परत दिली, बाहेर दे म्हणाले. टाकीच्या खोलीत झोपायचे, पण टाकीजवळून जाताना हात मागे बांधून जायचे, आईने दटावून दुकानात नेलेल्या पोरासारखे. आणि एक दिवस मला म्हणाले की मला कुठेतरी ठेव, जिथे माझ्याकडे लक्ष द्यायला माणसं असतील. मी रडले, ओरडले. ते ऐकेनात. म्हणाले, "तू मला ठेवून घेशील गं, आणि एक दिवस मी तुझं घर पेटवीन." नवरा म्हणाला, त्यांचीच इच्छा असेल तर आपण आड येऊ नये. बॅग त्यानेच खाली नेली. मशीन तेवढं राहिलं. आता त्याच्यावर पाणी तपासायच्या बाटल्या असतात.

वृद्धाश्रमात बाबांना फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ते जांभळं परत आलं का? नवरा माझ्या हातातून फोन घेऊन सांगायचा, येईल बाबा, हळूहळू येईल, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मला त्याचं कौतुक वाटायचं. घ्या.

या टाकीवाल्यांचा एक गट आहे. अधूनमधून कुणाच्या तरी घरी जमतात. त्यांच्यात पद्धत अशी की आपलं कोरल चांगलं वाढलं की त्याची फांदी तोडून दुसऱ्यांना द्यायची. म्हणजे उद्या आपलं मेलं तर त्याच्याकडून परत मिळतं. जमताना सगळे आपापल्या फांद्या घेऊन येतात आणि त्या एका ट्रेमध्ये मांडतात. कोणी आधी निवडायचं यासाठी त्यांचा एक खेळ असतो. प्रत्येकाने टाकीच्या बाबतीत केलेला आपला सगळ्यात मोठा गाढवपणा सांगायचा, ज्याचा गाढवपणा सगळ्यात मोठा त्याला पहिला मान.

या वेळी सगळे आमच्याकडे जमले. मी कॉफीचा ट्रे घेऊन त्या खोलीच्या दारात आले, तेव्हा वकीलबाई सांगत होत्या की त्यांनी हाताला क्रीम लावून तसेच हात पाण्यात घातले. दातांच्या डॉक्टरांनी हीटर पाण्याबाहेर ठेवून चालू केला होता. ट्रेमध्ये त्या डॉक्टरांनी आणलेली जांभळी फांदी होती. आमच्याच झुडपाची, मागे नवऱ्यानेच त्यांना दिलेली. नवऱ्याची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

"हे काहीच नाही, माझं ऐका," तो म्हणाला. "दौऱ्यावर जायच्या आदल्या दिवशी दोन्ही ड्रमची झाकणं घासूनपुसून धुतली आणि लावताना उलटी लावली. पांढऱ्याखाली खारं, निळ्याखाली गोडं. आणि घरातला माणूस महिनाभर इमानेइतबारे पांढऱ्यातलं पाणी घालतोय."

सगळे खो खो हसले. वकीलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. एकमताने त्याला पहिला मान मिळाला. त्याने जांभळी फांदी उचलली, आणि वर पाहिलं तर दारात मी.

माझ्या हातून ट्रे पडला बिडला नाही. मी सगळ्यांना कॉफी दिली. साखर कुणाला हवी विचारलं. घरातला माणूस. बाबांना नावसुद्धा नव्हतं त्या विनोदात.

ते लोक गेल्यावर मी दार लावलं आणि त्याला विचारलं, "तुला कधी कळलं?"

इतका वेळ मिठाची गुळणी धरून बसला होता. शेवटी म्हणाला, त्याच दिवशी. बाल्कनीत त्याने निळ्या झाकणाच्या भरलेल्या ड्रममध्ये बोट बुडवून चाटून पाहिलं होतं, पाणी गोडं लागलं.

"आणि झाकणं बदललीस."

"बदलली नाही, बरोबर लावली. उलटी होती ती बरोबर लावली." मग खाली बघत म्हणाला, "तुम्हाला सांगणारच होतो. पण घाबरलो गं. तोंडून भलतंच निघून गेलं. बाबांनी लगेच मान्य केलं आणि मग बोलायचं राहून गेलं."

बोलायचं राहून गेलं. दूध आणायचं राहून जातं. माझ्या बापाने स्वतःचं डोकं फिरलंय असं मानून घर सोडलं, आणि याचं बोलायचं राहून गेलं. मी विचारलं, मग त्या लोकांना कसं सांगितलंस? तर म्हणे, ते समजून घेतात, टाकीवाल्यांना चुकांचं काही वाटत नाही. मला त्या क्षणी हातोडा घेऊन ती काच फोडावीशी वाटली. नाही फोडली. आतल्या माशांनी माझं काय वाईट केलं होतं?

मी एवढंच सांगितलं की उद्या माझ्याबरोबर यायचं आणि हे सगळं स्वतःच्या तोंडाने बाबांना सांगायचं. आणि बाबांना घरी आणायचं.

तो आला. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, शेजारच्या पलंगावर त्यांच्या खोलीतले मास्तर वाचत पडलेले. बाबांच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं. बाबांच्या शर्टाचं. आयुष्यात मी असं पाहिलं नव्हतं.

नवऱ्याने सांगितलं. मी कान देऊन ऐकत होते, कुठे पळवाट काढतोय का म्हणून. नाही काढली. झाकणं धुतली ते, उलटी लावली ते, चाटून पाहिलं ते, आम्हाला हाक मारायच्या आधी अदलाबदल केली ते, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "बाबा, चूक माझी होती. तुम्ही पांढऱ्यातलंच घेत होता."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, सुटलो.

"हिने सांगितलं ना तुम्हाला असं बोलायला?" ते म्हणाले.

नवरा म्हणाला, नाही बाबा, खरंच तसं झालं. बाबांनी मान हलवली. म्हणाले, "मी झाकण हातात घेऊन पाहिलं होतं, जावईबापू. रिकाम्या ड्रमचं झाकण निळं होतं." मी म्हटलं, अहो बाबा, ते तर यानेच आधी बदललं, तेच तर सांगतोय तो. बाबांनी माझा हात धरला आणि अगदी मायेने म्हणाले, "बाळ, पुरे आता. माझ्या समाधानासाठी त्यांना खोटं बोलायला लावू नकोस." आणि मास्तरांकडे वळून म्हणाले, ऐकलंत का, माझ्या चुकीचं खापर स्वतःच्या डोक्यावर घेतायत, असा जावई मिळायला नशीब लागतं. मास्तरांनी पुस्तक बाजूला ठेवून नवऱ्याला नमस्कार केला.

नवरा पुन्हा म्हणाला, "बाबा, खरंच." या वेळी आवाज जरा खाली आला होता. तिसऱ्यांदा काही म्हणालाच नाही. बाबांनी त्याचा हात थोपटला, आणि त्याचे ताठ झालेले खांदे सैल झालेले मला दिसले. सुटला तो. कबुलीही झाली आणि वर शाबासकीही.

मी म्हटलं, बाबा, घरी चला. ते म्हणाले, "नको गं. त्या टाकीजवळ मला नको नेऊ. हात जाईल पुन्हा कुठेतरी." मग नवऱ्याला विचारलं, जांभळं परत आलं का? नवरा म्हणाला, आलं. त्यावर मात्र बाबांचा लगेच विश्वास बसला.

मला बसवेना. मी बटणाचं विचारलं. ते म्हणाले, इथल्या बाई लावून देतील, आपल्या हातावर आता काही सोडू नये. मी त्या बाईंकडून सुईदोरा मागून आणला आणि शर्ट त्यांच्या अंगावर असतानाच बटण लावायला घेतलं. तेवढा वेळ त्यांनी हात मागे बांधून ठेवले होते. माझ्या डोळ्यांसमोर नीट काही दिसत नव्हतं. दोरा तोडला तेव्हा बटण काजाच्या चांगलं खाली गेलं होतं, कुणालाही दिसेल इतकं.

बाबांनी मान खाली करून ते बघितलं. मी वाट बघत होते. वाकडंय, उसव, एवढंच म्हणायचं होतं त्यांनी. ते खूप वेळ बघत राहिले. मग मान वर करून नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही बघा. सरळ आहे ना?"

"सरळ आहे, बाबा," नवरा म्हणाला.